वहीतला खाडा



जून महिना उजाडला, की घरोघरी एक कागद भिंतीवर चढतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दोन रंगांच्या स्केचपेनने आखलेले वेळापत्रक! पहाटे पाच वाजता उठणे. सव्वापाच ते सहा व्यायाम. सहा ते साडेसात गणित. रात्री साडेनऊला दिवसाची उजळणी. पहिले चार दिवस सगळे घर त्या कागदाकडे कौतुकाने बघते. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी ताप येतो आणि सातव्या दिवशी काहीच येत नाही, तरी पाच वाजता उठवत नाही. गणपतीपर्यंत त्या कागदाचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्याने फडफडू लागतो. कागदाच्या मालकाने तोवर स्वतःबद्दल एक निकाल देऊन टाकलेला असतो : 'आपल्यात जिद्दच नाही.'

हा निकाल मला मान्य नाही. वीसएक वर्षे मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आहे. जिद्द नसलेली मुले मला क्वचितच भेटली. एका खाड्याने खचलेली मुले मात्र दरवर्षी भेटतात. खाडा हा रोजंदारीच्या हजेरीतला शब्द आहे. त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी माणूस कामावर आला नाही. तो उद्या येणार नाही, असे त्या शब्दात कुठेही म्हटलेले नाही. हा जास्तीचा अर्थ आपणच आपल्या पदरचा घालतो आणि मग सगळे वेळापत्रकच गुंडाळून ठेवतो.

या खाड्याचे काय करावे, हे मी एका जर्मन औषधविक्याकडून शिकलो. त्यांचे नाव सॅम्युएल हाइनरिख श्वाबे. जन्म १७८९ चा, गाव डेसाउ. धंदा औषधाच्या दुकानाचा आणि नाद आकाश बघण्याचा. बुधाच्याही आत, सूर्याच्या अगदी जवळून फिरणारा एखादा ग्रह असावा, अशी त्या काळी शंका होती. सूर्याच्या झगमगाटात असा ग्रह एरवी दिसणार कसा? परंतु तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला, तर सूर्यबिंबावर एक लहानसा काळा ठिपका सरकताना दिसेल. अडचण अशी, की सूर्यावर मुळातच काळे डाग असतात. त्यांतला पाहुणा ओळखायचा, तर घरची मंडळी रोजच्या रोज मोजून ठेवायला हवीत. म्हणून १८२६ पासून श्वाबेंनी सूर्यावरचे डाग पाहून त्यांची वहीत नोंद करायला सुरुवात केली. १८२९ साली त्यांनी दुकान विकून टाकले. नोंदी मात्र चालूच राहिल्या.

(येथे एक सूचना द्यायलाच हवी. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी टक लावून बघू नका आणि दुर्बिणीतून तर चुकूनही बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. जाणकार शिक्षक दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून दाखवतील, तीच पाहावी.)

श्वाबेंनी पुढे आपल्या नोंदींचा एक तक्ता प्रसिद्ध केला. तो मला विज्ञानातल्या फार सुंदर तक्त्यांपैकी एक वाटतो. त्यात रकाने अवघे चार : साल, त्या साली दिसलेले डागांचे समूह, एकही डाग न दिसलेले दिवस, आणि निरीक्षण केलेले एकूण दिवस. १८२८ साली समूह २२५ आणि बिनडागाचा दिवस एकही नाही. १८३३ साली समूह केवळ ३३ आणि बिनडागाचे दिवस १३९. १८३७ साली पुन्हा ३३३ समूह. १८४३ साली पुन्हा ३४. म्हणजे सूर्यावरचे डाग वाढतात, घटतात, पुन्हा वाढतात. १८४४ साली छापलेल्या एका छोट्या टिपणात श्वाबेंनी लिहिले, की हे चक्र सुमारे दहा वर्षांचे दिसते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८५१ साली हुम्बोल्ट या थोर शास्त्रज्ञाने आपल्या 'कॉसमॉस' या ग्रंथात तो तक्ता घेतला, तेव्हा विद्वानांचे डोळे उघडले. पाठोपाठ रुडॉल्फ वोल्फ यांनी जुन्या नोंदी चाळून हा काळ सरासरी अकरा वर्षांचा ठरवला. १८५७ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने श्वाबेंना सुवर्णपदक दिले.

आता तुम्ही म्हणाल, सर, ही तर पुन्हा जिद्दीचीच गोष्ट झाली. थांबा. तक्त्याचा चौथा रकाना अजून वाचायचा आहे. १८४३ साली निरीक्षणाचे दिवस ३१२. १८२८ साली २८२. आणि ज्या १८३७ साली डागांची एवढी गर्दी होती, त्या साली निरीक्षणाचे दिवस फक्त १६८. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस खाडा! १८२६ ते १८४३ या अठरा वर्षांची मी बेरीज करून पाहिली. निरीक्षणाचे दिवस साडेचार हजारांच्या आसपास भरतात आणि खाडे दोन हजारांवर जातात. दोन हजार खाड्यांचा हा माणूस सूर्याचा चक्रनेम शोधून बसला आणि आपण सातव्या दिवशी वेळापत्रक फाडतो.

त्यांनी हे खाडे लपवले नाहीत, मोजले. तक्त्याची सगळी किंमत त्या चौथ्या रकान्यात आहे. १८३३ साली ३३ समूहच दिसले, तर कोणीही विचारील, 'महाशय, त्या वर्षी आपण आळस केलात काय?' उत्तर तक्त्यातच आहे : त्या वर्षी २६७ दिवस पाहिले होते. १८३७ साली त्याहून शंभर दिवस कमी पाहूनही दहापट समूह दिसले. म्हणजे फरक पाहणाऱ्याच्या उत्साहात नसून सूर्यात आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. श्वाबेंनी बिनडागाचे दिवस वेगळे मोजले आणि न पाहिलेले दिवस वेगळे धरले. शून्य आणि खाडा एक नव्हेत. पाहिले आणि काही दिसले नाही, हे शून्य. शून्य हे पक्के रीडिंग आहे. पाहिलेच नाही, हा खाडा. अभ्यासाला बसलात, तासभर डोके खाजवले आणि प्रमेय काही सुटले नाही, तर तो दिवस शून्याचा. त्याला खाडा म्हणू नका. बहुतेक मुले या दोहोंची गल्लत करतात आणि शून्याच्या दिवसांसाठीही स्वतःला शिव्या देतात.

आणि तो ग्रह? तो सापडला नाही. सापडणारही नव्हता, कारण तो नाहीच. १८५९ साली ल व्हेरिए या फ्रेंच खगोलज्ञाने बुधाच्या कक्षेतल्या एका बारीक गडबडीवरून तो असलाच पाहिजे असे मांडले. त्याला व्हल्कन असे नावही मिळाले. पुढे १९१५ साली आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने त्या गडबडीचा उलगडा केला आणि व्हल्कनची गरजच उरली नाही. ज्या ध्येयासाठी वही उघडली, ते ध्येय हाती लागले नाही. हाती लागले ते वहीतूनच. म्हणून 'आधी ध्येय पक्के करा, मग सवयी आपोआप लागतील' हा सत्कार समारंभांत मिळणारा उपदेश मी जरा सावधपणेच ऐकतो. ध्येय असावे. पण दहावीत ठरवलेले ध्येय बारावीत बदलते, आणि बदलावेही. रोज टिपण ठेवायची सवय मात्र त्यानंतरही उपयोगी पडते.

हे सगळे मी मोठ्या साळसूदपणे सांगतो आहे खरा, पण खाडा लपवण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला. फार मोठे यंत्र नव्हे; सरळ बाजूंची, सपाट बुडाची काचेची बरणी आणि तिच्या तोंडाएवढ्याच व्यासाचे नरसाळे. बरणीत जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. हवामान खाते आदल्या चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, म्हणून मीही साडेआठचीच वेळ धरली. पूर्ण पावसाळाभर एकही दिवस चुकवायचा नाही, असा निश्चय केला. घरातल्या मंडळींना सांगितले, वर्गातही सांगितले. येथेच चूक झाली. पुढे एक दिवस परीक्षेच्या कामाला लवकर जावे लागले, एकदा लग्नाला परगावी गेलो आणि एका रविवारी, स्पष्टच सांगतो, अंथरुणातून उठलो नाही. पण वर्गाला तर सांगून बसलेलो! मग मी वर्तमानपत्रात गावाचा म्हणून छापलेला पावसाचा आकडा माझ्या वहीत उतरवला. एकदा केले, की दुसऱ्यांदा सोपे जाते. वही अखंड दिसू लागली आणि मला तिचा अभिमानही वाटू लागला.

दिवाळीनंतर अकरावीतली एक मुलगी प्रकल्पासाठी ती वही मागून घेऊन गेली. तिला गच्चीवरचा पाऊस आणि गावाचा अधिकृत पाऊस यांची तुलना करायची होती. आठवड्याने ती आलेखाचा कागद घेऊन धावतच आली. "सर, बघा ना! बाकीच्या दिवशी फरक आहे, पण हे काही दिवस तंतोतंत जुळतायत. दशांशापर्यंत!" तिला त्यात काहीतरी शोध लागल्यासारखे वाटत होते. मी त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले आणि खरे काय ते सांगितले. ती रागावली नाही. थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग तिने विचारले, "मग बाकीचे दिवस?"

बाकीचे दिवस खरे होते. पण ते सिद्ध कसे करणार? उतरवलेले आकडे नेमके कोणते, हे मलाही आता खात्रीने सांगता येत नव्हते. आठ-दहा खोट्या आकड्यांनी शंभरांवर खरे आकडे नासवले. ती वही प्रकल्पातून काढून टाकावी लागली आणि तिच्या आठवड्याच्या मेहनतीवर पाणी पडले. खाडे टाकून ठेवले असते, तर तिच्या आलेखात काही मोकळ्या जागा दिसल्या असत्या, एवढेच. शिवाय बरणी काही खाडा करत नाही! मी नसतानाही पाऊस तिच्यात साठतच होता. दुसऱ्या दिवशी मोजून 'दोन दिवसांचा मिळून' असे लिहिले असते, तर थोडेफार बाष्पीभवन सोडता एकूण पाऊस हाती आला असता. कोणत्या दिवशी किती, ही वाटणी तेवढी हरवली असती.

तुम्हाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. प्रात्यक्षिकाचे जर्नल सादर करायच्या आदल्या रात्री काय चालते, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. लंबकाच्या आंदोलनांची रीडिंगे मित्राच्या जर्नलातून उतरतात आणि कोणी फारच हुशार असला, तर ९.८ वरून उलटे गणित करून आवर्तकाल काढतो. यात आमचा, म्हणजे शिक्षकांचा, दोष मोठा आहे. आम्ही जर्नल पूर्ण आहे की नाही ते बघतो, खरे आहे की नाही ते बघत नाही. आजकाल मोबाइलवरची काही ॲप्सही तेच करतात. अखंड दिवसांची माळ दाखवतात आणि एक दिवस चुकला, की आकडा पुन्हा एकवर आणतात. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. शंभरापैकी नव्वद दिवस काम केलेल्या मुलाच्या पुढ्यात 'एक' हा आकडा ठेवणे म्हणजे त्याच्या एकोणनव्वद दिवसांची चोरी आहे.

यावर विज्ञान काय म्हणते? सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असे तुम्ही ऐकले असेल. हा आकडा बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकापर्यंत मागे जातो. शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला ओळख पटायला कमीत कमी साधारण एकवीस दिवस जातात, असे त्याने पाहिले होते. त्यातले 'कमीत कमी' लोक विसरले आणि चेहऱ्याचा आकडा सवयीला चिकटला. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. ९६ जणांनी एकेक लहानशी गोष्ट निवडली, जसे की दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणे किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे. बारा आठवडे ते रोज टिपत गेले, की ही गोष्ट आपल्या हातून किती आपसूक होते. सवय जवळजवळ पुरती मुरायला लागणारा काळ मधल्या माणसाला ६६ दिवसांचा आला. सर्वांत कमी १८ दिवस आणि सर्वांत जास्त २५४. प्रयोग ८४ दिवसांचाच होता, हे विसरू नका. २५४ हा आकडा वक्र पुढे वाढवून काढलेला आहे. मला त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष निराळाच वाटतो : एखादा दिवस चुकल्याने सवय मुरण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

या वक्राचा आकारही पाहण्याजोगा आहे. मी पूर्वी वर्गात सांगत असे, की सवय म्हणजे जडत्व. एकदा गती मिळाली, की न्यूटनच्या पहिल्या नियमाने पुढे चालू! ऐकायला छान, पण उपमा चुकीची. जडत्वाने चालणाऱ्या वस्तूला रोज ढकलावे लागत नाही, सवयीला लागते. गरम चहा निवण्याची उपमा अधिक जवळची आहे. सुरुवातीला तापमान झपाट्याने उतरते, मग हळू, मग आणखी हळू. सवयीचेही तसेच. पहिल्या काही दिवसांत बरीच प्रगती होते आणि नंतर आठवडेच्या आठवडे काहीच घडत नाही असे वाटते. नेमके याच वेळी मुले म्हणतात, की सर, आता उत्साह राहिला नाही. उत्साह कमी झाला, हे खरे. पण वक्र तेथे सपाटच असतो. त्यात तुमचा काही दोष नाही.

पुढच्या वर्षी मी दोन बदल केले. साडेआठला चहाचा कप विसळून ठेवला, की सरळ गच्चीचा जिना, असे ठरवले. 'सकाळी वेळ मिळेल तेव्हा' हे बंद. आणि वही गच्चीच्या दाराला अडकवून तिला दोरीने पेन्सिल बांधली. हसू नका. माझे निम्मे खाडे पेन्सिल न सापडल्याने होत होते, हे मला फार उशिरा कळले.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. गोष्ट एकच निवडा, आणि लहान निवडा. रोज गणिताची दोनच उदाहरणे किंवा इंग्रजीचे एकच पान. ती रोज घडणाऱ्या एखाद्या कामाच्या मागे जोडा. शाळेतून येऊन हातपाय धुतले, की लगेच. हातपाय धुऊन झाल्याची वेळ टिपा आणि वहीत पहिली ओळ लिहिल्याची वेळ टिपा. दोहोंतला फरक मिनिटांत काढा आणि त्याला 'विलंब' म्हणा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर विलंब. साठ-सत्तर दिवस बिंदू मांडत जा. किती उदाहरणे बरोबर आली, ते येथे मोजायचे नाही. आपल्याला फक्त सुरुवात करायला किती वेळ लागतो, तेवढेच पाहायचे आहे. वक्र खाली उतरून सपाट होतो का, आणि तुमच्या बाबतीत कितव्या दिवशी, हे तुमचे तुम्हाला दिसेल. तो शेजारच्या मुलासारखा असणार नाही. वर सांगितलेल्या अठरा आणि दोनशे चोपन्न या आकड्यांत किती अंतर आहे ते आठवा. खाड्याच्या दिवशी बिंदू मांडू नका. शून्यावर तर मुळीच मांडू नका. विलंब शून्य याचा अर्थ तुम्ही तत्काळ बसलात असा होईल! जागा मोकळी सोडा आणि खाली बारीक अक्षरात कारण लिहा. महिन्याने ही कारणे एकत्र वाचा. त्यांतली बरीचशी पेन्सिलीसारखी निघतील.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांची अशी वही तपासताना मोकळ्या जागांवर लाल रेघ मारू नका. जर्नलातही 'हे रीडिंग घेता आले नाही' असे एक वाक्य लिहायची मुभा द्या आणि त्याचे गुण कापू नका. पूर्ण भरलेल्या जर्नलांची संख्या त्याने कमी होईल. होऊ द्या.

गेल्या पावसाळ्यातली माझी वही आता समोर आहे. तिच्यात खाडे अकरा आहेत. त्यांतल्या सहांपुढे 'दोन दिवसांचा मिळून' असा शेरा आहे, तिघांपुढे 'परगावी', आणि एकापुढे 'माकडाने बरणी पाडली'. अकराव्यापुढे लिहिले आहे : 'उठलो नाही.'